उजवीकडून उघडणारं पुस्तक

बायको आणि मुलगी नाशिकला परत गेल्या, त्याच्या पुढच्या आठवड्यात मी दोहाच्या अल मन्सूरा भागातल्या एका फ्लॅटमध्ये खोली घेतली. करोनाचं पहिलं वर्ष होतं. कंपनीने पगार कापले होते, आणि मुलीची शाळा पडद्यावरच भरत होती, मग ती दोहात बसून भरली काय आणि नाशकात भरली काय. निर्णय शहाणपणाचा होता, असं सगळे म्हणाले. शहाणपणाच्या निर्णयांचा मला तेव्हापासून राग आहे.

फ्लॅटमधल्या दुसऱ्या खोलीत साताऱ्याकडचे एक काका राहायचे. साठीला आलेले, मोठ्या इमारतींना थंड हवा पुरवणाऱ्या प्लँटवर सुपरवायझर. पहाटे उठून अंघोळ, मग देवपूजा, मग मोठ्याने नाक शिंकरणं, हा त्यांचा क्रम कधी चुकला नाही. मला सकाळी कुणी बोललेलं खपत नाही आणि त्यांना सकाळी बोलल्याशिवाय राहवत नाही. तरी आमचं बरं चाललं होतं. ते चपात्या करायचे, मी भाजी करायचो, आणि जेवताना दोघंही आपापल्या फोनमध्ये घरच्यांशी बोलत बसायचो. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायला आम्हाला वेळच नसायचा.

मी ड्राफ्ट्समन. पुढे माझ्या पदाला लांबलचक इंग्रजी नाव मिळालं, पण काम तेच राहिलं: स्टेडियमच्या छताची ड्रॉइंग तपासायची, चुकेल तिथे लाल पेनाने गोल करायचा आणि परत पाठवायचं. सगळं जग ज्या वर्ल्ड कपची वाट बघत होतं, तो माझ्यासाठी लोखंडाच्या तुळया आणि नटबोल्ट एवढाच होता. फुटबॉल मला आजही कळत नाही. मुऐदर भागातून साइटची बस जायची तेव्हा रस्त्याच्या कडेला झेंडे आणि जाहिराती वाढलेल्या दिसायच्या. त्यावरून आपल्याला उशीर होतोय, एवढं समजायचं.

ती ड्रॉइंग पाठवणारा एक चिनी इंजिनिअर होता. पोलादाचं काम त्याच्या कंपनीकडे होतं. एकमेकांचं तोंड न बघता आम्ही वर्षभर ईमेलवर भांडलो. मी लाल गोल करायचो, तो अतिशय नम्र इंग्रजीत मी कसा चुकलोय ते लिहायचा, आणि दहातल्या सहा वेळा तोच बरोबर निघायचा. पुढे त्याची केबिन आमच्या शेजारी आली. पाण्याच्या मशीनपाशी एक उंच, वाकलेला, चाळिशी ओलांडलेला माणूस नुसतं गरम पाणी पिताना दिसला, तेव्हा हाच तो, हे मी ओळखलं. मी त्याला चहा देऊ केला. त्याने कप हुंगला, साखरेचा अंदाज घेतला आणि आदराने परत केला.

दोहात 'माय फ्रेंड' हा शब्द ज्याचं नाव माहीत नाही त्याच्यासाठी असतो. टॅक्सीवाला, भाजीवाला, गेटवरचा शिपाई, सगळे माय फ्रेंड. तो मला कधी माय फ्रेंड म्हणाला नाही. तो माझं आडनाव घ्यायचा, चुकीचं, पण रोज तेवढ्याच काळजीने. साइटवर हजारो माणसं होती, आणि त्यांतला तो एकटाच असा होता की मी सुट्टीवर असलो तर त्याला ते जाणवायचं.

पुस्तकाची गोष्ट मुलीमुळे सुरू झाली. ती नऊ वर्षांची होती. फोनवर 'जेवलीस का' आणि 'अभ्यास झाला का' एवढं झालं की आमचं बोलणं संपायचं. मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची आणि फोन आईकडे द्यायची. मला ते फार लागायचं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी रद्द ड्रॉइंगच्या मागे काहीबाही चित्रं काढून तिला पाठवायला लागलो: क्रेनवर बसलेलं कबूतर, हेल्मेट घातलेली मांजर. एकदा तो इंजिनिअर मागे येऊन उभा राहिला आणि बराच वेळ बघत होता. दुसऱ्या दिवशी त्याने सुती कापडात गुंडाळलेलं चित्रांचं एक जुनं, पातळ पुस्तक आणलं.

तो ज्याचं नाव घेत होता तो चित्रकार मला माहीत नव्हता. त्याने ते नाव तीनदा सांगितलं, मला एकदाही नीट म्हणता आलं नाही. त्यांच्याकडे व्यंगचित्राची वाट पाडणाऱ्या पहिल्या माणसांपैकी तो एक, असं त्याने सांगितलं. मूळचा चित्रकार, आणि शंभरएक वर्षांपूर्वी वर्तमानपत्रासाठी ब्रशने चार रेघांत चित्रं काढायला लागला. व्यंगचित्र म्हटल्यावर मी पुढाऱ्यांची नाकं शोधायला लागलो, पण इथे एकही पुढारी नव्हता. बाजारातून येणारी बाई, बाकावर उतारूसारखा बसलेला म्हातारा, दारात कुणाची तरी वाट बघणारी मुलगी. बऱ्याच माणसांना डोळे, नाक, तोंड काहीच काढलेलं नव्हतं. आणि तरी ती मुलगी वाट बघतेय हे तिच्या खांद्यांवरून कळत होतं. पंचवीस वर्षं रेघा काढून पोट भरणाऱ्या मला ते बघून स्वतःची थोडी लाजच वाटली.

त्या मुलीच्या चित्राचा फोटो मी घरी पाठवला. हिला चेहरा का नाही, असं मुलीने विचारलं. तूच काढ, मी म्हटलं. संध्याकाळी तिने चेहरा काढून पाठवला. मी म्हणालो, किती उदास दिसतेय गं ही. ती चिडून म्हणाली, "बाबा, शी इज नॉट सॅड. ती नुसती थांबलीय." तिच्या तोंडून एवढं लांब वाक्य मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं, आणि त्यात अर्धं मराठी होतं.

त्यानंतर आमचा परिपाठच ठरला. तो पुस्तक आणायचा, मी त्याच्यासमोर एका पानाचा फोटो काढायचो, आणि मुलगी संध्याकाळी चेहरा भरायची. दुसऱ्या दिवशी तो चेहरा मी त्याला दाखवायचो. तो हसायचा. त्याची मुलगी मोठी होती, कुठल्याशा दुसऱ्याच देशात शिकत होती, आणि त्याला फोन करायची नाही. हे त्याने एकदाच सांगितलं, पाणी पिता पिता.

एकदा मी चुकून पुस्तक डावीकडून उघडलं. त्याने माझ्या हातातून ते काढून घेतलं, फिरवलं आणि उजवीकडून उघडलं. तिथे पहिलं पान होतं. त्यावर ब्रशने लिहिलेल्या दोन उभ्या ओळी, खाली चित्रकाराची सही आणि तिच्याखाली लाल चौकोनी शिक्का. पहिल्या ओळीत वरच्या बाजूला काळ्या शाईचा एक जाड डाग होता. शाई सांडली का, मी विचारलं. तो म्हणाला, नाही, लावलीय.

त्याचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, शाळेत शिक्षक होते. चित्रकाराने स्वतः त्यांचं नाव लिहून त्यांना हे पुस्तक दिलं होतं. पुढे त्यांच्याकडे अशी वर्षं आली की घराघरांतून पुस्तकं बाहेर काढून रस्त्यावर जाळली गेली, आणि ज्याने ही चित्रं काढली त्यालाही भर सभेत उभं करून अपमानित केलं. आजोबांना पुस्तक जाळवेना. त्यांनी ते लपवायचं ठरवलं, पण सापडलंच तर कुणाचं हे कळू नये म्हणून आपलं नाव काळं करायचं ठरवलं. त्यांचा हात थरथरायचा. म्हणून ते काम त्यांनी मुलीला सांगितलं. ती तेव्हा अकरा वर्षांची. तिने बापाच्या नावावर ब्रश फिरवला. तिचा हात चांगला होता, तो म्हणाला, सहीला एक थेंब लागू दिला नाही.

ती मुलगी म्हणजे त्याची आई. आता ती अंथरुणाला खिळली होती, नजर जवळजवळ गेली होती, आणि तिने एकच धोशा लावला होता: पुस्तक घेऊन ये, मला ते पान बघायचंय. तो दोन वर्षं घरी गेला नव्हता. करोनामुळे विमानं नव्हती, आणि होती त्यांत जागा नव्हती. शेवटी ऑक्टोबरात एकदाचं तिकीट मिळालं. तिकडे उतरल्यावरही तीन आठवडे हॉटेलच्या खोलीत बंद राहायचं, मग घर. आई तेवढी थांबली तर, असं तो म्हणाला, आणि मी इन्शाल्ला म्हणालो. इथे दुसरं काही सुचलं नाही की माणूस तेच म्हणतो.

निघण्यापूर्वीच्या गुरुवारी त्याने पुस्तक माझ्या हातात दिलं. मुलीसाठी राहिलेल्या सगळ्या पानांचे फोटो आज काढून घे, उद्या दुपारी माझ्या घरी आणून दे, म्हणाला. पुस्तक त्याने पहिल्यांदाच नजरेआड केलं होतं. मी ते बसमध्ये पोटाशी धरून आणलं. संध्याकाळी हॉलमधल्या टेबलावर पांढरा कागद अंथरून सगळी पानं टिपली, मुलीला पाठवली, पुस्तक कापडात गुंडाळून तिथेच ठेवलं आणि झोपलो. शुक्रवारी इथे सुट्टी, मी उशिरा उठतो.

त्या शुक्रवारी दसरा होता. मला लक्षातही नव्हतं, काकांना अर्थातच होतं. ग्रोसरीवाल्याला आधीच सांगून त्यांनी मूठभर झेंडू आणवला होता. हॉलमध्ये रिकाम्या खोक्यावर टॉवेल अंथरून पूजा मांडलेली. पान्हे, गॅसचे गेज, त्यांचं हेल्मेट, माझं हेल्मेट. माझ्या मुलीची एक पाटी माझ्या सामानात इथेच राहिली होती, तिच्यावर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढलेली. पाटीसमोर मागच्या दसऱ्याला एसीचं माहितीपत्रक होतं. आमच्या घरात पुस्तक म्हणून दुसरं काही नव्हतं, आणि त्यावरून काकांनी तेव्हा मला टोमणा मारला होता. या वर्षी पाटीसमोर ते पुस्तक होतं, उघडं. मी डोळे चोळत आलो, त्यांनी म्हटलं नमस्कार कर, मी हात जोडून वाकलो आणि वाकल्यावर मला दिसलं. सहीच्या शेजारी, शिक्क्याला लागून, कुंकवाचं आणि हळदीचं एकेक बोट. नुसतं कोरडं नव्हे, पाण्यात कालवलेलं. जुन्या कागदाने ते पिऊन टाकलं होतं.

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. काकांना वयाचा मान असतो, तेवढाही मी ठेवला नाही. ते आधी गोंधळले, मग हळू आवाजात म्हणाले, "आरं, मागचं पान व्हतं ते. कुणी तरी शाई सांडलेलं. म्हटलं चित्रं खराब नकोत, म्हणून मुद्दाम मागचं बघितलं."

खरंच होतं त्यांचं. मराठी पुस्तकाचं ते शेवटचंच पान झालं असतं. इतकी वर्षं आखातात काढूनही, उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या अरबी पाट्यांखालून रोज कामाला जाऊनही, पुस्तक उजवीकडूनही सुरू होतं हे त्यांच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं. एका काळजी घेणाऱ्या माणसाने सगळ्यांत निरुपयोगी पान शोधलं, आणि ते नेमकं ते निघालं.

कापूस फिरवून बघितला, तर डाग आणखी पसरेल असं दिसलं. मी थांबलो. दुपारच्या नमाजानंतर पुस्तक घेऊन त्याच्या घरी, अल मुंतझाला, चालत निघालो. दोन मेट्रो स्टेशनांएवढंही अंतर नाही, पण मला ते लवकर संपायला नको होतं. दुकानांची शटरं अजून खाली होती, मास्कच्या आत घाम धरत होता. मी चिनी, इंग्रजी, मराठी, कुठल्याच भाषेत वाक्य जुळवू शकत नव्हतो. मला एकच भीती होती. पुस्तकाचं काय व्हायचं ते झालं होतं, पण या शहरात माझा एक माणूस होता आणि तो आता राहणार नाही.

त्याच्या खोलीत बॅग भरलेली होती. त्याने मला बसवलं, गरम पाणी दिलं. मी पुस्तक उजवीकडून उघडून त्याच्यापुढे ठेवलं. तो पानावर वाकला. मग त्याने विचारलं, हे काय आहे. मी सांगितलं. आमच्याकडे आज ज्याच्यावर आपण जगतो त्याची पूजा करतात. हत्याराची, पुस्तकाची. हे लावतात आणि मग नमस्कार करतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने केलं, त्याला पान कळलं नाही. मी चारपाच वेळा सॉरी म्हणालो.

"नमस्कार केला?" त्याने विचारलं.

"हो. आम्ही दोघांनीही."

तो उठला, पुस्तक कापडात गुंडाळलं, बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवलं आणि म्हणाला, "नो प्रॉब्लेम." साइटवर हे शब्द कुणी म्हणालं की आम्ही समजायचो, काम बिघडलंय. मी अजून थोडा वेळ बसलो. तो चेन लावत होता. मग मी निघालो, आणि त्याने दारापर्यंत येऊन माझं आडनाव घेतलं, नेहमीसारखंच चुकीचं.

त्यानंतर त्याचा काही निरोप नाही. मी पोचलास का असं लिहिलं, मेसेज पोचल्याची खूण दिसली, उत्तर आलं नाही. त्याच्या टेबलावर दुसरा कुणी तरी बसायला लागला. त्याची ड्रॉइंग यायची, मी लाल गोल करायचो, आणि तो लगेच 'नोटेड' म्हणून मान्य करायचा. भांडायलाही कुणी उरलं नाही. मुलीला पाठवलेली पानं तिने दोन संध्याकाळींत संपवली आणि आमचं बोलणं परत 'जेवलीस का' वर आलं. घरी मी आणि काका एकमेकांना मीठ द्या आणि पंखा बंद करा एवढंच बोलत होतो. त्यांची माफी मागायला हवी होती, ते मला कळत होतं, पण तोंड उघडत नव्हतं. हिवाळ्यात वर्ल्ड कपआधीची सरावाची मोठी स्पर्धा होती. आमचं छत वेळेत झालं. त्या दिवशी साइटवर सगळ्यांनी फोटो काढले, मी केबिनमध्ये बसून राहिलो.

स्पर्धा संपता संपता एका संध्याकाळी त्याचा मेसेज आला. लांब, त्याच्या त्या नम्र इंग्रजीत. उत्तर द्यायला उशीर झाला म्हणून आधी क्षमा मागितलेली. तो हॉटेलात बंद असतानाच आई गेली. त्याच शहरात, काही मैलांवर. कुणी त्याला सोडलं नाही. पण जायच्या चारपाच दिवस आधी बहिणीने आईसमोर फोन धरला होता, आणि त्याने हॉटेलच्या खिडकीपाशी ते पान उघडून दाखवलं होतं. आईला अक्षरं दिसत नव्हती, शाईही दिसत नव्हती. एवढंच दिसलं की काहीतरी लाल आहे, शिक्क्यापेक्षा मोठं. ते काय, तिने विचारलं. त्याने सांगितलं की एका दूर देशातल्या माणसाने तुझ्या वडिलांच्या पुस्तकाची पूजा केली, वाकून नमस्कार केला.

आईने ते पान पुन्हा दाखवायला सांगितलं, त्याने लिहिलं होतं. मग म्हणाली, "मग आता लपवायला नको."

मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेलो. काका चपात्या लाटत होते. मी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. ते काळं केलेलं नाव, ती अकरा वर्षांची मुलगी, हे त्यांना मी कधी सांगितलंच नव्हतं, नुसता ओरडलो होतो. त्यांनी गॅस बंद केला. पिठाचे हात तसेच ठेवून खाली बसले.

"तिच्या बापाचं नाव काय व्हतं रे?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. इतके महिने ते पुस्तक हाताळून मी कधी विचारलंच नव्हतं. मी तिथेच उभं राहून मेसेज केला. तिकडे तेव्हा रात्र असणार, पण उत्तर लगेच आलं. तीन अक्षरं. आम्हा दोघांनाही ती वाचता येत नव्हती.

काकांनी हात धुतले आणि मुलीची पाटी आणून माझ्यासमोर ठेवली. मी फोन शेजारी ठेवून, ड्रॉइंग उतरवतो तशी एकेक रेघ बघून ती अक्षरं पाटीवर मोठी करून काढली. रेघांचा क्रम चुकला असेल. काकांनी पाटी उचलून हॉलमधल्या शेल्फवर, बाहेरून येणाऱ्याला दिसेल अशी ठेवली.